धाकटीचं विरजण

थोरलीचे हात मोठे आणि धाकटीचे लहान. घरातल्या कामाची वाटणी एवढ्यावरूनच झाली होती आणि पुढे ती बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. थोरलीकडे शेळ्या, धारा, बादल्या, मिठाची पोती आणि गिऱ्हाइकांशी भांडणं. धाकटीकडे मागची खोली. जाड भिंतींची, एकाच खिडकीची, दगडी फरशीची ती खोली. एका बाजूला दूध कोमट करायचं मोठं पातेलं, दुसऱ्या बाजूला लाकडी फळ्या आणि फळ्यांवर तळहाताएवढ्या पांढऱ्या चकत्या. त्या रोज उलटायच्या, पुसायच्या, परत निजवायच्या. धाकटी त्यांना तान्ह्या पोरांना कुशीवर वळवावं तशी वळवायची. थोरली दारात उभी राहून म्हणायची, "अंगाईसुद्धा म्हण की आता, कसली कसर राहायला नको."

शेळीच्या दुधाचं चीज करायला तसं लागतं काय? दूध, मीठ, दूध धरण्यासाठी औषधाचे चार थेंब. पण त्या घरच्या चीजला जी चव होती, तिची चावी शेगडीशेजारच्या एका मातीच्या बरणीत होती. दूध धरलं की गुठळ्यांवर पिवळसर निवळी सुटते. मीठ लागायच्या आत त्या निवळीतली एक पळी धाकटी बरणीत घ्यायची, तोंडाला फडकं बांधायची आणि बरणी शेगडीच्या उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती आंबलेली निवळी नव्या दुधात जायची. हेच त्यांचं विरजण. कालच्याने आजचं लावायचं, आजच्याने उद्याचं. त्यांची आई हेच करायची, आईची आईसुद्धा हेच करायची. बरणी मधल्या काळात दोनदा फुटली होती, विरजण मात्र कधी तुटलं नव्हतं.

त्या विरजणात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना धाकटी 'मंडळी' म्हणायची. "मंडळी आज रुसलीत," म्हणजे दूध धरायला वेळ लागतोय. "मंडळी आज उधळलीत," म्हणजे उकाड्याने आंबटपणा जास्त चढलाय. शेजारणीने एकदा वाटीभर विरजण मागितलं, तर धाकटीने तोंडावर सांगितलं, "आमच्या मंडळींना दुसरीकडचं पाणी मानवत नाही." शेजारीण वर्षभर बोलली नाही. थोरलीला हा शुद्ध कद्रूपणा वाटला, पण धाकटीच्या खात्यात तिने कधी तोंड घातलं नाही. आणि कुणी सहज बोलण्याच्या ओघात 'आमच्या बेतावर विरजण पडलं' म्हणालं, की धाकटी खवळायची. "पडू दे की! विरजण पडलं तर दुधाचं काहीतरी भलं होतं. पडलं नाही तर नासतं नुसतं."

धाकटीचं लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती पदरात एक मुलगी घेऊन थोरलीकडे परत आली. मुलगी दोघींनी मिळून वाढवली. आई म्हणून धाकटी लाड करायची आणि मावशी म्हणून थोरली धपाटे घालायची. जगात सहसा याच्या उलट असतं, पण त्या घरात बरंच काही उलटं होतं. मुलगी मोठी झाली, शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला लागली, तिथेच राहिली. सुटीला आली की आधी मागच्या खोलीत जायची, नंतर चपला काढायची आणि त्याबद्दल बोलणी खायची.

मग धाकटीच्या रक्तात बिघाड निघाला.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. औषधं अशी जालीम, की आजाराबरोबर अंगाची राखण करणाऱ्या पेशींनाही झोपवून टाकणारी. डॉक्टर भला माणूस होता. त्याने दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं, "कच्च्या दुधाचं आता काही खायचं नाही. तुमचं चीज तर नाहीच. एरवी त्यातले जिवाणू माणसाला काही करत नाहीत. बरेचसे तर चांगलेच असतात. पण यांच्या अंगात सध्या पहाऱ्यावर कुणी नाही. साधा पाहुणासुद्धा घर लुटून जाईल."

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ऐकलंस ना ताई? आपलीच मंडळी आता माझ्यावर उलटणार म्हणे." आणि हसली. थोरलीला हसू आलं नाही.

घरचं विरजण आता थोरलीच्या गळ्यात पडलं. शेळ्यांचं आवरून ती मागच्या खोलीत शिरायची तेव्हा परक्याच्या घरात शिरल्यासारखी अंग चोरून वावरायची. पळीभर निवळी घ्यायची, फडकं बांधायचं, बरणी उबेला ठेवायची. सगळं धाकटी करायची तसंच. पण चकत्या काही तशा उतरत नव्हत्या. एकदा तर तिच्या हातून चांगलीच चूक झाली. एक शेळी अडली होती, पिल्लू आडवं होतं, आणि थोरली दुपारपासून गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून बसली. बरणी उघडीच राहिली. संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, तिने घाईघाईने फडकं बांधलं, आणि कुणाला काही बोलली नाही. बोलायचं तरी कुणाला?

हॉस्पिटलात धाकटीच्या तोंडाला फोड आले. पाणीसुद्धा कडू लागायचं. सूप आणलं तर पुढून सरकवायची. एक दिवस ती थोरलीला म्हणाली, "ताई, आपल्या चीजचा एक तुकडा आण. नखाएवढा."

"वेड लागलंय का? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर खूप काही म्हणतात. माझी जीभ मेली आहे, ती जिवंत आहे का एवढंच बघायचंय मला."

थोरलीने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. धाकटी रागावली नाही, हट्टही केला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तेच थोरलीला सोसेना. उपाशी माणूस समोर, आणि आपल्या घरात फळ्या भरलेल्या. शेवटी तिने रुमालात बांधून एक लहानसा तुकडा नेला, पावाच्या मऊ भागावर चुरला आणि स्वतःच्या बोटांनी भरवला. धाकटीने डोळे मिटले. बराच वेळ चघळलं. मग म्हणाली, "मीठ जास्त झालंय." आणि तिच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. "मंडळी अजून तुला ओळखत नाहीत, ताई. ओळखतील हळूहळू."

त्या आठवड्यात धाकटीला ताप भरला.

ताप उतरेना. रक्त तपासलं तर रक्तात जंतू निघाले. डॉक्टरने नाव सांगितलं, एन्टरोकॉकस. धाकटीची मुलगी, थोरलीची भाची, शहरातच होती, ती रात्रंदिवस उशाशी होती. डॉक्टरने दोघींना बाजूला घेऊन विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का यांनी?" थोरलीला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. "चीज," ती म्हणाली. "आमच्या घरचं. मी दिलं."

"हा जंतू चीजमध्ये असतो," डॉक्टर म्हणाला. "पण तो आतड्यात असतो, हॉस्पिटलात असतो, सगळीकडे असतो. कुठून आला ते सांगता येणार नाही." पण हे पुढचं कुणी ऐकलंच नाही. भाचीने थोरलीकडे अशी नजर टाकली की थोरलीला वाटलं, हिने धपाटे घातले असते तर बरं झालं असतं.

औषधांवर औषधं झाली. एकाही औषधाला तो ताप दाद देईना. धाकटी गेली.

तिला पोचवून थोरली घरी आली ती सरळ गोठ्यात. शेळ्या ओरडत होत्या, आचळं ताठली होती. तिने धारा काढल्या, दूध कोमट केलं, विरजण लावलं, निवळी सुटली तशी एक पळी बरणीत घेतली, फडकं बांधलं. भेटायला आलेल्या बायका दारात एकमेकींकडे बघत राहिल्या. "काळीज आहे की दगड?" एक जण म्हणाली, ऐकू जाईल अशी. त्यांना कोण समजावणार! आई गेली त्या दिवशी धाकटीने असंच केलं होतं, डोळे पुसत पुसत. बरणी रिकामी होऊ द्यायची नाही, हे त्या घरात शिकवावं लागत नव्हतं. आणि थोरलीला आता असं वाटायला लागलं होतं, की त्या बरणीत धाकटी थोडी उरली आहे. इतकी वर्षं तिचे हात त्यात बुडले होते. मंडळी म्हणजे दुसरं कोण?

पण दुसरीकडे तोच विचार तिला टोचायचाही. मंडळींनीच तिला नेलं असेल तर?

हा प्रश्न भाचीच्याही डोक्यात होता, फक्त तिच्या डोक्यात तो प्रश्न म्हणून नव्हता, आरोप म्हणून होता. ती एक दिवस आली, मागच्या खोलीत गेली नाही, चहा घेतला नाही. एक चकती आणि बाटलीभर विरजण तिने शहरातल्या अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायला नेलं. जाताना म्हणाली, "मला कळायलाच हवं, मावशी." थोरली म्हणाली, "मलाही." त्यानंतर दोघींचं बोलणं फोनपुरतं उरलं, आणि फोनही येईना.

मग एका दुपारी आला.

"सापडलं," भाची म्हणाली. तिचा आवाज लाकडासारखा कोरडा होता. "तेच नाव. आईच्या रक्तात होतं तेच."

थोरली खाली बसली. तिच्या डोळ्यांपुढे उघडी बरणी आली. तेवढ्यात कोण येऊन बसलं होतं त्यात, देव जाणे. तिच्याच हातांनी दार उघडं ठेवलं होतं, आणि तिच्याच बोटांनी घास भरवला होता.

"ओतून टाक ते सगळं," भाची म्हणाली, आणि फोन बंद झाला.

थोरलीने पाणी उकळत ठेवलं. मोठं पातेलं, काठोकाठ. पाणी उकळेपर्यंत तिने फळ्यांवरच्या सगळ्या चकत्या गोळा केल्या आणि गोठ्यामागे खड्डा करून पुरल्या. चीज गाळायची फडकी शेगडीत जाळली. मग बरणी घेतली. फडकं सोडलं तसा ओळखीचा आंबूस वास आला. थोडा दह्यासारखा, थोडा ओल्या गवतासारखा. लहानपणापासून तिच्या आईच्या पदराला हाच वास होता, पुढे धाकटीच्या. ती काही वेळ नुसती बरणी धरून उभी राहिली. "काय गं केलंत हे?" ती म्हणाली. "तिने तुम्हाला काय कमी केलं होतं?" मग तिने बरणी नालीत उपडी केली. वर उकळतं पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. फळ्यांवर ओतलं, साच्यांवर ओतलं, पळीवर ओतलं. खोलीभर वाफ झाली आणि त्या वाफेत ती मोठमोठ्याने रडली. इतके दिवस बायकांनी जे ऐकायची वाट पाहिली होती ते त्या दिवशी ऐकायला कुणी नव्हतं.

पुढचा सगळा हिवाळा थोरलीने दूध नुसतंच विकलं. डेअरीची गाडी यायची, कॅन भरून न्यायची. कुणी चीज विचारलं तर "बंद केलं" म्हणायची. दुकानदार जुना, मायाळू माणूस. तो म्हणाला, "पुडीतलं विरजण मिळतं हल्ली. छान असतं. उद्यापासून सुरू करा." थोरलीने मान हलवली. पुडीबद्दल तिचा राग नव्हता. तिचं मनच उडालं होतं. ती कोणाच्या घरी जात नव्हती, कोणाच्या पोराला हात लावत नव्हती. शेजारणीचं तान्हं बाळ अंगणात रांगत आलं तरी ती हात मागे घ्यायची. आपल्या हातांना काहीतरी लागलंय आणि ते धुऊन जात नाही, असं तिला वाटायचं.

हिवाळा सरताना भाची स्वतः आली. दारातच उभी राहिली. वाळली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. "प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोलावलंय," ती म्हणाली. "पुढची तपासणी झाली. समोर बसून सांगायचंय म्हणाल्या. दोघींना."

"पुढची कसली?" थोरलीने विचारलं.

भाची बसथांब्याकडे चालू लागली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, आणि शहर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

प्रयोगशाळेतल्या बाई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलण्यात मोकळ्या. टेबलावर काचेच्या बशा, नळ्या, अर्धवट खाल्लेलं सफरचंद. त्यांनी थोरलीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आधी शेवट सांगते," बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. तुमच्या बहिणीला जे झालं ते तुमच्या चीजमुळे झालं नाही."

थोरलीला शब्द कळले, अर्थ आत उतरेना. "पण नाव तेच होतं ना?" ती म्हणाली.

"नाव तेच. पण आडनाव एक असलं म्हणून माणूस एक होतो का? एका आडनावाची दोन घरं नसतात का गावात, एक सरळमार्गी आणि एक दरोडेखोर?" बाईंनी पुढे झुकून सांगितलं. "हॉस्पिटलने रक्तातला जंतू जपून ठेवला होता, तो आम्ही मागवला. दोघांची मुळापासून कुंडली काढली. तुमच्या विरजणातला गरीब आहे हो. साध्या औषधाने मरतो. रक्त फोडायची, पेशींना चिकटायची हत्यारंच नाहीत त्याच्याकडे. तुमच्या बहिणीच्या रक्तातला निगरगट्ट होता, बहुतेक औषधांना न जुमानणारा. तो हॉस्पिटलातच वाढतो. नळीवाटे, सुईवाटे शिरतो. या दोघांचा काही संबंध नाही."

"मी भरवलं त्यामुळे नाही?"

"नाही." बाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "तशा अवस्थेत द्यायला नको होतं, हे खरंच. डॉक्टरांचं बरोबर होतं. पण त्यातून काही झालं नाही. त्यांनी शेवटी आवडीचं काहीतरी खाल्लं, एवढंच झालं."

थोरलीने पदर तोंडाला लावला. रडू आलं नाही, पण छातीतून काहीतरी सुटलं आणि श्वास आत गेला, कितीतरी दिवसांनी पोटापर्यंत गेला. शेजारी भाची ताठ बसून होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

बाई आता रंगात आल्या होत्या. "आणि खरं सांगू? इतकं जुनं, इतकं नांदतं विरजण मी पाहिलंच नव्हतं. इतक्या जातींचे जिवाणू एकत्र, कुणी कुणाला खात नाही. एकजण तर वाईट जंतूंना हुसकावून लावणारा. आमच्याकडचा नमुना तपासणीनंतर नष्ट करावा लागला, नियमच आहे तसा. फक्त तो संशयित तेवढा ठेवलाय गोठवून. पण तुमच्याकडे आहे ना चालू? मला वाटीभर द्या. आणि बिनघोर चीज करा. आजारी आणि पोटुशी बाई सोडून कुणालाही खायला घाला."

"ओतून टाकलं," थोरली म्हणाली.

बाईंना नीट ऐकू आलं नसावं. "काय?"

"नालीत. उकळतं पाणी घालून. थेंबही नाही ठेवला."

"अहो, पण का?" बाईंचा आवाज चढला. "मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं ना? नुसत्या नावावरून काही ठरत नाही, पुढची तपासणी होईपर्यंत काही टाकू नका, थांबा. दोनदा सांगितलं होतं मी." आणि त्यांनी भाचीकडे पाहिलं.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. आता सरळच सांगायचं तर त्या क्षणी तिला भाचीच्या एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. तो फोन तिला शब्द न् शब्द आठवत होता. त्यात 'थांब' कुठेच नव्हतं. आई गेलेल्या पोरीला कुणाला तरी दोषी धरायचं होतं, आणि एवढा एक शब्द तिने गिळला होता. त्या एका शब्दावर धाकटीचं उरलंसुरलं सगळं जिवंत राहिलं असतं. मंडळी राहिली असती.

पण भाचीचं ते थरथरणारं तोंड तिने पाहिलं, आणि त्या तोंडावर जे उमटत होतं ते थोरलीच्या चांगल्या ओळखीचं होतं. 'माझ्यामुळे.' सगळा हिवाळा ती त्या शब्दाबरोबर जगली होती. तो जेवताना ताटात येऊन बसतो, हात धुताना हातांना चिकटतो, तान्ह्या पोरांना जवळ घेऊ देत नाही. तिची सुटका आत्ताच झाली होती, आणि आता तोच शब्द घरातल्या दुसऱ्या माणसाचं दार ठोठावत होता.

"सांगितलं होतं हो तिने," थोरली बाईंना म्हणाली. "थांब म्हणाली होती. मलाच धीर धरवला नाही. पहिल्यापासून उतावळीच मी."

भाचीने टेबलाखाली तिचा हात पकडला, इतका घट्ट की बोटं दुखली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरेरे," त्या हळहळून म्हणाल्या. "थोडं थांबला असतात तर."

"हो ना," थोरली म्हणाली.